मुखपृष्ठावरची धूळ

"तुला काही लागलं तर हक्कानं सांगत जा गं," असं म्हणत वर्षाराणीनं आपल्या डब्यातली दुसरी भाकरीही लुंबिनीच्या झाकणात ठेवली, तेव्हा लुंबिनीला आधी वाटलं, हिचं पोट बरं नसेल. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या त्या क्लासच्या स्टाफरूममध्ये दोघी दोन वर्षं एकाच टेबलावर जेवत होत्या. लुंबिनी फिजिक्स शिकवायची, वर्षाराणी बायोलॉजी. भाज्यांची अदलाबदल व्हायची, शेंगदाण्याच्या चटणीवरून भांडण व्हायचं, पण वर्षाराणीचा हात असा तिच्या खांद्यावर येऊन कधी थांबला नव्हता. आजारी माणसाच्या अंगावर ठेवावा तसा तो हात होता. "किती सोसलंस. आणि एका शब्दानं बोलली नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली, आणि मग तिनं पर्समधून ते मासिक काढलं. तिच्या भावानं पुण्याहून आणलं होतं. मुंबईहून निघणारं, जाड गुळगुळीत कागदाचं, संगीताचं इंग्रजी मासिक. मुखपृष्ठावर लुंबिनी होती.

होती, पण ती ओळखायला तिला स्वतःलाच क्षणभर वेळ लागला. वीटभट्टीच्या पुढ्यात तिघं बसलेली. डावीकडे गिटारवाला रविकांत, अनवाणी. मध्ये गाणी लिहिणारा आणि गाणारा नागसेन, मळकट कुडत्याची कॉलर फाटलेली. उजवीकडे ती, गुडघे पोटाशी घेऊन. कॅमेरा वरून होता, त्यामुळे तिघंही मान वर करून बघत होती, कुणी काही टाकतंय का याची वाट बघावी तशी. गालांवर धूळ, ओठांवर धूळ, केसांत धूळ. आणि रंग! लुंबिनी सावळीच होती, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण हा सावळेपणा नव्हता, चुलीमागच्या भिंतीसारखं काहीतरी होतं, आणि त्या काळपटात डोळ्यांचं पांढरं तेवढं मुद्दाम उजळून काढलेलं. खाली मोठ्या अक्षरांत 'मराठवाड्याचा संताप'. "वर्षा, हा मेकअप आहे," ती म्हणाली. वर्षाराणीनं फोटो पुन्हा पाहिला. "हो का?" ती म्हणाली, "पण किती खरं वाटतं गं." तिला सांगायचं होतं की माझी आई मुख्याध्यापिका होती, वडील जिल्हा परिषदेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, मी उपाशी कधी झोपलेली नाही. पण वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच आंबलं. उपाशी झोपणं हा काय गुन्हा आहे, की आपण तो केला नाही म्हणून शपथा घ्याव्यात? म्हणजे बोललं तरी लाज, न बोललं तरी लाज. ही कोंडी करून ठेवणारा माणूस इथं नव्हताच, तो मुंबईत कुठंतरी थंड खोलीत बसला होता, आणि समोर होती ती बिचारी वर्षाराणी, डोळ्यांत पाणी घेऊन. लुंबिनीनं दुसरी भाकरी उचलली आणि परत तिच्या डब्यात ठेवली. जरा जोरातच ठेवली गेली.

शनिवार होता. दर शनिवारी दुपारच्या तासांनंतर ती नांदेडची एसटी धरायची, कारण तिचं घर तिथं होतं, आणि बँडही. बँडचं नाव 'भारनियमन'. वीज असेल तेव्हाच तालीम, गेली की थांब, अशा दिवसांत रविकांतला सुचलेलं ते नाव. आता वीज बरी असते, पण नाव राहिलं. अहमदपूर मागं पडेपर्यंत तिनं मासिक मांडीवर उलटं ठेवलं होतं. मग उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ती ते एखाद्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावी तसं बघत राहिली. त्याच अंकात पुण्याच्या एका बँडचे फोटो होते. पोरं त्यांच्या वयाचीच. त्यांना खालून टिपलेलं, त्यामुळे ती उंच, आभाळात डोकं असलेली. प्रत्येकाच्या हातात आपापलं वाद्य, आणि खाली प्रत्येकाचं नाव, कोण काय वाजवतं ते. एकीनं जीन्स गुडघ्यावर फाडलेली होती, पण ती फाटकी जीन्स तिच्या मर्जीची दिसत होती. दिल्लीचा एक गायक आपल्या खोलीत, मागं पुस्तकं, पायाशी मांजर. आणि मग हे तिघं. वाद्य नाही. नाव नाही. कुणी काही वाजवत असेल असा संशयही येऊ नये असे रिकामे हात. लेखात त्यांच्या गाण्यांबद्दल बरं लिहिलं होतं, खरं तर चांगलंच लिहिलं होतं; पण लेख वाचतं कोण? वर्षाराणीनं वाचला नव्हता. फोटोच बोलत होता, आणि फोटो सांगत होता की ह्यांचं गाणं म्हणजे कण्हणं. शेजारच्या सीटवरचा म्हातारा मासिकात डोकावला, मग तिच्या तोंडाकडे बघून पुन्हा मासिकाकडे. तिनं पान उलटलं.

फोटोग्राफरचं नाव मिहीर. फार सभ्य माणूस. हे तिला सगळ्यात जास्त टोचत होतं, की तो एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता. फोटोच्या दिवशी सकाळी तो आधी लुंबिनीच्या घरी आला. आईनं, पंचफुलाबाईंनी, चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव टाकून, आणि लुंबिनीचा निळा शर्ट आदल्या संध्याकाळीच इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घातला होता. मिहीरनं सुशीला मागून घेऊन खाल्ला. दिवाणखाना बघितला, पुस्तकांचं कपाट, पदवीदानाचा फोटो, कोपऱ्यात लुंबिनीचा ड्रमसेट. "सुंदर घर आहे, आंटी," म्हणाला. मग जिन्यात येऊन तिला म्हणाला, "इथे नको. इथे तुमची गोष्ट दिसत नाही." ती म्हणाली, "हेच माझं घर आहे." "हो, पण वाचकाला हे कुठलंही घर वाटेल," तो म्हणाला. त्या वेळी तिला उत्तर सुचलं नाही. आता एसटीच्या खडखडाटात सुचलं. कुठलंही घर वाटावं म्हणूनच तर माझ्या आईबापानं ते बांधलं, बाबा! सगळं आयुष्य घातलं त्यात, की आपलं घर लोकांना कुठल्याही घरासारखं वाटावं.

मग त्यानं तिघांना विष्णुपुरीच्या पुढं वीटभट्टीवर नेलं. तिघांपैकी कुणी कधी वीटभट्टीवर पाय ठेवला नव्हता. मिहीरनं गाडीतून एक नवी कोरी हलगी काढली आणि म्हणाला, "हे गळ्यात घेशील?" "मी ड्रम वाजवते," ती म्हणाली. "हेही ड्रमच ना?" त्याला खरंच कळत नव्हतं, आणि कळत नाही याचं त्याला काही वाटतही नव्हतं. तिचे पणजोबा सटवाजी गावात दवंडी द्यायचे. मेलेलं ढोर ओढायचं, मग हलगी घ्यायची, दारोदार उभं राहायचं, उंबऱ्याच्या आत पाय नाही. छप्पन साली धर्म बदलला आणि त्याच आठवड्यात पाटलाचा माणूस बोलवायला आला, तर सटवाजी म्हणाले, "आता तुमचं तुमीच वाजवा." वाजवणं सोडलं म्हणून काय काय झालं ते घरात कुणी फार बोलत नसे, पण वाजवणं सुटलं ते सुटलंच. म्हणून लुंबिनीनं ड्रमसेट आणला तेव्हा आई कितीतरी दिवस तिच्याशी नीट बोलली नव्हती. मग एकदा वरण ढवळता ढवळता म्हणाली, "ज्या हातातली काठी सुटावी म्हणून एवढं केलं, त्या हातात तू पुन्हा काठ्या घेतल्यास." लुंबिनी म्हणाली होती, "आई, मी कुणाच्या दारात उभी राहून वाजवत नाही. लोक माझ्याकडे ऐकायला येतात." आणि आई हसली होती, "बघू किती येतात ते." त्या हसण्यातून मिळालेली परवानगी होती ती. ती काय हलगीवर उधळायची? हलगीचं तिला वाकडं नव्हतं, वाजवणाऱ्यांचं तर मुळीच नव्हतं; पण कुणाच्या गळ्यात ती कुणी अडकवायची? ती नाही म्हणाली. मिहीरनं हात जोडले, म्हणाला, "तुझा निर्णय." मग कुणाच्याच हातात काही नको म्हणाला. एक नकार दिला म्हणून तिला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या जिंकल्याच्या भरात तिनं पुढचं सगळं होऊ दिलं.

पुढचं म्हणजे कपडे. निळा शर्ट कॅमेऱ्यात 'ओरडतो', म्हणून तपकिरी, मळकट रंगाचा एक कुडता दिला. मग त्याच्या मदतनीस मुलीनं पेटीतून प्लास्टिकची पुडी काढली. त्यात धूळ होती. शूटिंगची धूळ, मुंबईहून आणलेली. रविकांत हसायला लागला, "नांदेडात धूळ सरली का काय?" ती मुलगी गंभीरपणे म्हणाली, "ही त्वचेला चालते, सर." मऊ ब्रशनं तिनं ती लुंबिनीच्या गालांवर लावली, फार हळुवार, वधूला हळद लावावी तशी. आणि भट्टीवर खरं काम करणारी माणसं बाजूला उभी केली, कारण त्यांचे शर्ट फार रंगीत होते. एकाचा तर झेंडूसारखा पिवळा होता, बाजारातून नवा आणलेला. तो बिचारा फोटोत यायला निघाला होता, केसांवरून पाण्याचा हात फिरवून. त्याला हटवलं आणि त्याच्या जागी ह्यांना बसवलं. त्याच्यापेक्षा जास्त त्याच्यासारखं दिसायला.

नांदेडला घरी पोचली तर वडील, निवृत्तीराव, दारातच म्हणाले, "तुझ्या आईनं पाहिलं ते. शेजारच्या बनसोडेबाईंनी मोबाईलवर पाठवलं." आणि स्वतःच विषय बदलावा म्हणून, तिच्या हातातलं मासिक चाचपत, "पण कागद लई भारी वापरून राहिले हां," असं काहीतरी बोलून आत गेले. पंचफुलाबाई पलंगावर बसल्या होत्या, हातात मोबाईल, फोटो दोन बोटांनी मोठा केलेला. "माझा निळा शर्ट कुठंय ह्याच्यात?" त्या म्हणाल्या.

"बदलायला लावला त्यांनी."

"आणि तू बदललास."

पंचफुलाबाईंनी मोबाईल पालथा ठेवला. "आमच्या शाळेत मास्तर रोज नखं बघायचे. सगळ्यांची एकदा बघायचे, माझी दोनदा. एकही दिवस माझी नखं काळी निघाली नाहीत. एकही दिवस नाही. तिसरीतली पोर मी, काडीनं कोरून कोरून रक्त काढायची, पण मास्तरला बोट दाखवायला जागा ठेवली नाही." त्यांनी पालथ्या मोबाईलकडे बोट केलं. "आता सगळ्या मुलखाला दाखवली त्यानं." त्या रडल्या असत्या तर लुंबिनीला बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या, आणि ओट्यावर भांडी नेहमीपेक्षा सावकाश, एकेक करून ठेवल्याचे आवाज येत राहिले.

तिनं मासिकाला फोन लावला. संपादक बाई होत्या, आवाज गोड, मराठी स्वच्छ. "अगं, फोटो किती गाजतोय! इतक्या दिवसांत असं कव्हर झालं नव्हतं." लुंबिनीनं विचारलं, माझ्या कातडीचा रंग कुणी बदलला? "तो टोन असतो. मूड तयार करावा लागतो." "पुण्याच्या बँडचा मूड वेगळा आहे." "त्यांचं संगीत वेगळं आहे ना." "त्यांची नावं आहेत. आमची नाहीत." "ते डिझाइनमध्ये बसत नव्हतं." मग बाईंचा आवाज आणखी मऊ झाला, समजूतदार झाला. "लुंबिनी, एक विचारू? राग मानू नकोस. तुला तुझ्या मुळांची लाज वाटते का?" लुंबिनीच्या कानाशी फोन तापला. तिला सटवाजी आठवले, काडीनं नखं कोरणारी तिसरीतली पोर आठवली, आणि इतकं सगळं एकदम बोलायचं होतं की त्यातलं काहीच बाहेर पडेना. माझी मुळं तुम्ही पुडीत घालून आणली होती, बाई. एवढं एक वाक्य हवं होतं. ते मिळेपर्यंत फोन बंद झाला होता, बहुधा तिनंच बंद केला होता.

रात्री तालीम होती, रविकांतच्या मामाच्या मंगल कार्यालयात. उद्या दुपारी विष्णुपुरीजवळच्या एका लॉनवर कार्यक्रम होता, हॉस्टेलच्या पोरापोरींनी मिळून ठेवलेला. नागसेन खुशीत होता. पाटबंधारे खात्यात लिपिकाची नोकरी करून गाणी लिहिणारा हा मुलगा, बिलोलीकडच्या खेड्यातला. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊन त्याला शिकवणारी. "औरंगाबादहून फोन आला, हैदराबादहून आला," तो म्हणाला, "सगळे म्हणून राहिले, तसेच कपडे घालून या." लुंबिनी म्हणाली, मी नाही घालणार, आणि तो फोटो आपण कुठंही लावायचा नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. "का? मातीची लाज वाटून राहिली तुला?"

"तूही तेच विचार."

"विचारणारच. तुझ्या घरी फरशी हाय, फ्रीज हाय. माझ्या घरी खाली माती, वर पत्रा. मी त्याच्यातूनच आलो. मला त्या फोटोत काही खोटं दिसत न्हाई."

"तुझी माती असती तर मी तोंड उघडलं नसतं, नागसेन. ती पुडीतली होती."

"पुडीतली का असंना. आजवर ह्या नांदेडाकडं कुणी वळून बघितलं का? आता बघून राहिले. बघू दे की." रविकांत मध्ये पडला, "अरे वाजवा बाबा, लाइट जाईल," पण कुणी हसलं नाही. लुंबिनीला नागसेनवर रागावता येईना, आणि हाच राग सगळ्यात जड होता. तो खोटं बोलत नव्हता. तिच्या फरशीवर उभं राहून त्याच्या मातीबद्दल बोलायचा तिला हक्क काय? पण मग मिहीरला कुठून आला तो हक्क? त्या माणसानं येऊन दोघांमधली ही भेग नेमकी हेरली होती, की न हेरताच नुसता त्यात पाय घालून उभा राहिला होता? त्या दिवशी तालीम झालीच नाही.

रविवारी दुपारी लॉनवर पोचली तर स्टेजच्या मागं ते होतं. मुखपृष्ठ. फ्लेक्सवर, दोन मजली घराएवढं. तिचाच चेहरा तिच्या डोक्यावर, गालावरच्या धुळीचा कण न् कण लिंबाएवढा. समीक्षा नावाची मुलगी, कार्यक्रमाची सगळी धावपळ करणारी, उत्साहानं पळत आली. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी गालांवर तपकिरी रंगाचे पट्टे ओढले होते. "ताई, तुमच्यासारखं केलं आम्ही!" लुंबिनीला त्या पोरीवर ओरडायचं होतं, आणि तिला पोटाशीही धरायचं होतं. "तो फ्लेक्स काढायचा, समीक्षा," ती म्हणाली. "आता? ताई, त्याच्याशिवाय स्टेज कसं दिसेल? मागं नुसती कंपाउंडची भिंत हाय." "मग मी वाजवणार नाही." रंगाच्या पट्ट्यांखाली समीक्षाचा चेहरा पडला. रविकांत तारा जुळवत होता, त्यानं मान वर केली नाही. नागसेन स्टेजच्या कडेला उभा होता, फोटोतल्यासारखाच मळकट कुडता घालून. "वाजवू नको," तो म्हणाला, "मी गाईन एकटा." एवढंच म्हणाला, आणि ते खरं करायला तो निघालाच होता, पण तेवढ्यात त्याची आई आली.

धुरपताबाई लेकाचं गाणं ऐकायला पहिल्यांदाच येत होत्या. नागसेनच्या चुलतभावानं मोटारसायकलवर आणलं होतं. पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं लुगडं, डोक्यावरून पदर, पायांत नव्या चपला. त्या स्टेजसमोर आल्या आणि मान वर करून फ्लेक्सकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघितलं. मग जवळ उभ्या लुंबिनीला विचारलं, "ही कोन्ची माणसं हायत गं, बाई? दुष्काळाची का?"

"आम्हीच आहोत, मावशी. मधला नागसेन."

त्यांनी पुन्हा बघितलं. पदराचा शेव तोंडाशी नेला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा नागू असा कधीच न्हवता. एकच शर्ट होता त्याला शाळेचा. रानातून यायची, आधी तो धुवायची, चुलीच्या उबाऱ्याला वाळवायची, सकाळी वल्ला असंल तर फुंकून फुंकून अंगात घालायची. पोटाला न्हवतं, पण मळका धाडला न्हाई. कुनी बोलावं न्हाई म्हनून." त्यांचा आवाज वाढला नव्हता, पण स्टेजवरच्या मंडळींचे हात थांबले होते. त्या नागसेनकडे वळल्या. त्याच्या अंगावरच्या कुडत्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं, कापड बघावं तसं. "हे कुनी घातलं तुझ्या अंगात, नागू? तुला धुवायला कुनी न्हवतं का?"

लुंबिनीला वाटलं, आता नागसेन आईला समजावेल, की आई, ही कला असते, लोकांना हेच लागतं; आणि क्षणभर तिला भीती वाटली, की तो समजावेल आणि ती माऊली मान हलवेल, लेक शिकलेला आहे म्हणून. पण त्यानं आईच्या हातातून कुडता हळूच सोडवला, डोक्यावरून काढला आणि आतल्या साध्या बनियनवर स्टेजच्या मागं गेला. बांबूवर चढला. "सर, काय करून राहिले? सर!" समीक्षा ओरडली. सुतळी दातांनी तोडल्याचा आवाज कुणाला आला नाही, पण वरचा एक कोपरा सुटला आणि रविकांतचा चेहरा पुढं वाकला, मग मधला, मग तिचा, आणि तो सगळा प्रचंड छापील संताप फडफडत ड्रमच्या मागं येऊन पडला. मागं खरंच नुसती भिंत होती. पोपडे उडालेली, खाली कुणीतरी खडूनं क्रिकेटचे स्टंप काढलेले. खाली बसलेल्या पोरांतून कुणीतरी शिट्टी मारली, कुणी "काय झालं रे?" विचारलं, आणि दोन-चारजण उठून गेलेही.

लुंबिनी ड्रमच्या मागं जाऊन बसली. नागसेन बनियनवरच माइकसमोर आला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही; बघावं असं तिलाही वाटत नव्हतं. समेट वगैरे काही झालेला नव्हता. तिच्या आत तो राग जसाच्या तसा होता. वर्षाराणीच्या खांद्यावरच्या हाताचा, त्या गोड आवाजाचा, आईनं सावकाश ठेवलेल्या भांड्यांचा. तो एका फ्लेक्सनं संपणारा नव्हता, आणि संपावा असंही तिला वाटत नव्हतं. ते अंक दुकानांत असणारच होते, कुणाकुणाच्या टेबलांवर, आणि कुठंतरी कुणीतरी त्या तिघांकडे बघून हळहळत असणारच होतं. पुढच्या रांगेत धुरपताबाई दोन्ही कानांवर पदर दाबून बसल्या होत्या. रविकांतनं सुरुवातीचा सूर लावला, ठरल्याप्रमाणे, सावकाश. त्यावर तिला संथ यायचं होतं. पण तिचा पहिलाच ठोका वेळेच्या आधी पडला, आणि दुसरा त्याहून लवकर. रविकांतनं दचकून मागं बघितलं, नागसेननंही बघितलं. तिनं लय कमी केली नाही. मग त्या दोघांनाच तिच्या मागं धावत यावं लागलं.